ब्रिटनमध्ये कामगारच हुजूर पक्षाला मत देतात? मग 'वर्ग' गेला कुठे?

डर्बीकर
ब्रिटिश राजकारणावर मराठीत काहीही वाचा, 'साहेब लोक हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला आणि कामगार मजूर (लेबर) पक्षाला' हे वाक्य हमखास भेटतं. पक्षांची मराठी नावंच अशी पडलीत की शंका येत नाही. पण २०१९च्या निवडणुकीनंतर यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेने ४० हजारांहून जास्त लोकांना विचारून काढलेले आकडे बघा. पांढरपेशे गट, म्हणजे तिकडच्या भाषेत एबीसी१: हुजूर ४३ टक्के, मजूर ३३. कामगार आणि त्याखालचे, म्हणजे सी२डीई: हुजूर ४८, मजूर ३३. मजूर पक्षाला साहेबांत आणि मजुरांत तंतोतंत सारखा वाटा, आणि हुजुरांना मजुरांतच जास्त!

आता वय बघा. १८ ते २४: मजूर ५६, हुजूर २१. सत्तरीपुढे: हुजूर ६७, मजूर १४.

वर्ग संपला, वय उरलं, असं सरळ म्हणायचं का? की आकडे वाचण्यात काही गोची आहे? जाणकारांनी लिहा.

पोपटपंची
नावं बदला. एक 'आजोबा पक्ष', दुसरा 'भाडेकरू पक्ष'. धागा संपला.

अनुस्वार
'हुजूर' हे शब्दशः भाषांतर नव्हेच, टोमण्यासारखं नाव आहे, आणि ते चिकटलं. 'मजूर' मात्र शब्दाला शब्द. त्यामुळे आपल्या डोक्यात निकालाआधीच वर्गयुद्ध लागलेलं असतं. बाकी वाचतोय.

आकडेमोड
गोची आहे, आणि ती त्या ए-बी-सीत आहे.

ही श्रेणी मतदानासाठी बनलीच नव्हती. कुठलं वर्तमानपत्र कोण वाचतं हे जाहिरातदारांना सांगण्यासाठी ती बनली. घरात सर्वांत जास्त कमावणारं माणूस कोण आणि ते काय काम करतं, एवढ्यावर आख्खं घर एका खणात पडतं. पगार विचारत नाहीत, घर कुणाच्या मालकीचं हे विचारत नाहीत. ए आणि बी म्हणजे वरचे आणि मधले अधिकारी, डॉक्टर, वकील वगैरे. सी१ कारकुनी आणि देखरेखीची कामं. सी२ कुशल हातकाम. डी अर्धकुशल-अकुशल. ई म्हणजे निव्वळ सरकारी पेन्शनवर किंवा भत्त्यावर जगणारे, आणि आज आहे उद्या नाही अशा कामावरचे.

डर्बीशायरमधल्या शायरब्रुकची एक गल्ली डोळ्यासमोर आणा. खाण १९९३ला बंद झाली, त्या जागी आता प्रचंड गोदाम आहे. गल्लीत पाच घरं धरू.

पहिल्यात निवृत्त खाणकामगार. त्याला खाणकामगारांच्या निधीतून पेन्शन येते, म्हणून त्याची श्रेणी जुन्या कामावरून: सी२. दुसऱ्यात विधवा बाई, फक्त सरकारी पेन्शन: ई. तिसऱ्यात स्वतःची व्हॅन असलेला प्लंबर, कमाई शाळामास्तरापेक्षा बरी: सी२. चौथ्यात कॉल सेंटरवर किमान वेतनाच्या जरा वर कमावणारी मुलगी, भाड्याची खोली: सी१. पाचव्यात गोदामात एजन्सीमार्फत लागलेला पोरगा, पुढच्या आठवड्यात किती तास मिळतील याची खात्री नाही: डी.

आणि खाणकामगाराचा नातू शेफील्डला वसतिगृहात राहून शिकतो. घराबाहेर राहणारा पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून तोही सी१.

आता 'पांढरपेशे' आणि 'कामगार' असे दोन ढीग करा. पांढरपेशांत गेली कॉल सेंटरची मुलगी आणि नातू, दोघेही तरुण, भाड्याने राहणारे. कामगारांत गेले म्हातारा, विधवा, व्हॅनवाला आणि गोदामातला पोरगा. चारांतले दोन पेन्शनर. तुम्ही वर्ग मोजताय असं तुम्हाला वाटतं, पण निम्मं वयच मोजताय.

डर्बीकर
हे माहीतच नव्हतं! म्हणजे ई हा 'सर्वांत गरीब कामगार' नाहीच?

आकडेमोड
त्यात बेरोजगार आणि दीर्घ आजारीही आहेत, पण पेन्शनर भरपूर. म्हणून सर्वेक्षणात डीई एकत्र दिसला की आधी त्यातले साठीपुढचे बाजूला काढता येतात का ते बघायचं. दुसरी काळजी: सी२ आणि डीई एकत्र करू नका. २०१९मध्ये इप्सॉस या दुसऱ्या सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांत सी२त हुजूर ४७, मजूर ३२, पण डीईत हुजूर ४१, मजूर ३९. एकत्र केलं की हा फरक विरघळतो.

गिरणगाव
आकडेमोड, खणांबद्दल अनुमोदन. पण सगळं खापर खणांवर फोडू नका, कारण खण तेच असताना जुने निकाल वेगळे होते. ऑक्टोबर १९७४, इप्सॉसचेच आकडे: डीईत मजूर ५७, हुजूर २२. सी२त मजूर ४९, हुजूर २६. एबीसी१मध्ये हुजूर ५६, मजूर १९. आणि त्याच निवडणुकीत ५५च्या पुढच्यांत हुजूर ४२, मजूर ४०. म्हणजे म्हातारे जवळपास समसमान, आणि वर्गावर्गांत दरी! आजचं चित्र याच्या बरोबर उलटं.

तेव्हा काम मत कसं घडवायचं? पगाराच्या आकड्याने नव्हे. खाणीच्या गावात शेजारी, मेहुणा, क्लबातला बिअरचा सोबती, युनियनचा प्रतिनिधी, सगळे एकाच पाळीचे. मजूर पक्ष १९०० साली युनियननीच उभा केला, वर्गणीतला राजकीय हिस्सा पक्षाकडे जायचा, खासदारही बरेचदा खाणीतून वर आलेला. मत हा घरात विचार करायचा विषयच नव्हता, ते गावाचंच असायचं.

१९७९ला युनियनचे सदस्य १ कोटी ३० लाखांच्या पुढे होते. आज त्याच्या निम्मे, आणि रचना पार पालटलेली. सरकारी नोकरांत साधारण निम्मे सभासद, खासगीत शंभरात बाराएक. आजची सरासरी सभासद म्हणजे खाणकामगार नाही. शिक्षिका किंवा नर्स, पदवीधर. त्या गोदामातल्या पोराला युनियन माहीत असेलच असं नाही. शेवटची खोल खाण, यॉर्कशायरमधली केलिंग्ली, डिसेंबर २०१५मध्ये बंद झाली.

बोल्सोव्हर मतदारसंघ, ज्यात हे शायरब्रुक येतं, तिथे १९७० पासून निवडून येणारे मजूर पक्षाचे डेनिस स्किनर २०१९ला पडले. स्वतः खाणीत काम केलेला माणूस. लोक एका रात्रीत बदलले असं तेव्हा लिहून आलं. रात्र तीस वर्षांची होती.

खवट
हुजुरांना कामगारांची मतं पूर्वी नव्हती, हा समजही खोडा. मजुरांना मताधिकार मिळाल्यापासून त्यांच्यातला बराच हिस्सा हुजुरांकडे जातच आला, नाहीतर कामगार बहुसंख्य असलेल्या देशात हा पक्ष विसाव्या शतकात इतकी वर्षं सत्तेत राहिलाच नसता. साधं गणित आहे.

पोपटपंची
खवट, सकाळी चहा घ्या.

मुक्ता_लीड्स
गिरणगाव यांचं 'काम गेलं, पाळी गेली' हे पटतं, पण मधला दुवा राहिला: घर.

१९८०च्या कायद्याने नगरपालिकेच्या घरातल्या भाडेकरूला तेच घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. तीन वर्षं भाडं भरलेलं असलं की किमतीत ३३ टक्के सूट, पुढे दर वर्षाला एक टक्का, ५० टक्क्यांपर्यंत. दशक संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त घरं गेली. आता नेहमीचा समज: घर घेतलं आणि माणूस हुजूर झाला. हे सरसकट खरं नाही. ज्यांनी घेतली त्यांत मुळातच मजूर पक्षाशी नातं सैल असलेले जास्त होते. खरा परिणाम उशिरा झाला. कर्ज फिटलं, घराची किंमत चढली, आणि तोच माणूस साठीला पोचला.

२०१९चं इप्सॉसचं घरानुसार वर्गीकरण बघा. कर्जमुक्त स्वतःचं घर: हुजूर ५७, मजूर २२. कर्ज चालू असलेलं: ४३ आणि ३३. सरकारी किंवा संस्थेच्या घरातले भाडेकरू: हुजूर ३३, मजूर ४५. खासगी भाडेकरू: ३१ आणि ४६.

पोपटपंची यांचा 'भाडेकरू पक्ष' हा विनोद नाही, हे इथे नोंदवते.

कर्जमुक्त घर कुणाकडे? बहुतेक साठीपुढच्यांकडे. म्हणून वयाचं म्हणून जे दिसतं त्यात मालमत्ता लपलेली आहे. आकडेमोड यांच्या गल्लीतला म्हातारा आणि गोदामातला पोरगा दोघेही 'कामगार', पण एकाकडे घर आणि खात्रीची पेन्शन, दुसऱ्याकडे दोन्ही नाही. व्याजदर वाढला की एकाची ठेव फुगते, दुसऱ्याचा घरमालक भाडं वाढवतो. दोघांचं मत एक का असावं?

पोपटपंची
विनोद करायला जावं तर अभ्यास निघतो. काय दिवस आलेत.

कोपऱ्यातला
पण तरुणपणी डावा आणि म्हातारपणी उजवा हे तर जगभर आणि कायमच असतं ना?

आकडेमोड
कोपऱ्यातला, तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. एक, वाढतं वय. दोन, पिढी, म्हणजे ज्या काळात वाढलो त्याचा शिक्का. तीन, त्या वर्षीची हवा. एकाच निवडणुकीच्या आकड्यांवरून पहिल्या दोन वेगळ्या करताच येत नाहीत. त्याच पिढीचा वीस-तीस वर्षं पाठलाग करावा लागतो. 'कायमच' म्हणाल तर वर गिरणगाव यांनी दिलेला १९७४चा आकडा पुन्हा वाचा. दरी होती, पण आताच्या पासंगालाही पुरत नाही.

यूगव्ह एक सोपी खूण देतं: कुठल्या वयाला हुजूर मजुरांना मागे टाकतात. २०१७ला ४७, २०१९ला ३९, २०२४ला ६३. माणसं पाच वर्षांत चोवीस वर्षांनी तरुण झाली नाहीत, हवा बदलली. उतार मात्र तिन्ही वेळा त्याच दिशेचा.

आणि शिक्षण विसरू नका. साठच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठात जाणारे शंभरात जेमतेम पाच. म्हणजे आजचे ऐंशीचे लोक बहुतेक पदवीविना, आणि पंचविशीतले भरपूर पदवीधर. २०१९ला पदवीधरांत मजूर ४३, हुजूर २९. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेपर्यंतच शिकलेल्यांत हुजूर ५८, मजूर २५. वय, घर, पदवी ही तीन सुतं एकाच दोरात पिळलेली आहेत.

गिरणगाव
पक्षांनाही हा दोर दिसतो, आणि ते त्याप्रमाणेच पैसे वाटतात. २०१० नंतर सरकारी पेन्शन तिहेरी कुलपात: पगारवाढ, महागाई किंवा अडीच टक्के, यांत जे जास्त तेवढी वाढ. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधल्या विद्यापीठाची फी २०१२ला वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेली. फी वाढवणार नाही अशी सही केलेले उदारमतवादी लोकशाहीवाले (लिबरल डेमोक्रॅट) हुजुरांसोबत सरकारात बसले, आणि २०१५ला ५७ जागांवरून ८वर आले.

म्हाताऱ्यांना हात लावला की काय होतं तेही बघा. २०१७मध्ये हुजूर पंतप्रधान थेरेसा मे यांच्या जाहीरनाम्यात, घरी मिळणाऱ्या शुश्रूषेचा खर्च ठरवताना घराची किंमतही धरायची, शेवटचे एक लाख पौंड सोडून, असं कलम होतं. चार दिवसांत माघार. २०२४मध्ये मजूर सरकारने हिवाळ्यातला इंधनभत्ता, २०० ते ३०० पौंड, फक्त गरीब पेन्शनरांपुरता ठेवला. वर्षभरात वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना परत.

खवट
आणि तरुण? २०१७ला 'तरुणांची लाट' म्हणून ढोल वाजले. कँटरबरी मजुरांनी १८७ मतांनी घेतली, झालं, लगेच लाट!

मुक्ता_लीड्स
खवट बरोबर बोलतायत, हे लिहिताना हात थरथरतोय. तरुणांत मजूर पक्षाला झुकतं माप मिळालं हे खरं, पण १८ ते २४ वयाच्या मतदानाच्या *प्रमाणात* मोठी उडी होती का, याला ब्रिटिश इलेक्शन स्टडी या विद्यापीठीय निवडणूक-अभ्यासाने पुरावा नाही म्हटलं. ते तोंडी उत्तरावर भरवसा ठेवत नाहीत. 'मत दिलं' असं सांगणारे नेहमीच जास्त निघतात. केंद्रावरच्या यादीत नावापुढे रेघ आहे का ते ताडून बघतात. कुणाला मत दिलं हे त्या यादीत नसतं, फक्त आलं की नाही एवढंच.

यावरून एक गैरसमजही काढून टाकते. रात्री दहाला टीव्हीवर येणारा एक्झिट पोल वय-वर्गाबद्दल काहीही सांगत नाही. निवडक केंद्रांबाहेर लोकांना पुन्हा एकदा नकली मतपत्रिका भरायला देतात, बस्स. 'तरुणांनी असं केलं' हे सगळं नंतरच्या सर्वेक्षणांतून येतं.

आकडेमोड
आणि त्यांतही छोटे आकडे जपून वापरा. हजार-दीड हजारांच्या सर्वेक्षणात १८-२४चे दीडशे मिळाले तर चूक अधिक-उणे आठ टक्के. त्यातले सी२ तीसच असतील, म्हणजे अधिक-उणे अठरा. 'तरुण कामगार अमुक पक्षाकडे वळले' अशी बातमी आली की आधी तळातली संख्या शोधायची. २०१५ला अंदाज चुकले, त्याची चौकशी झाली, आणि कारण निघालं नमुन्याचंच: राजकारणात रस असलेले तरुण फार, आणि ६५च्या पुढच्या गटात पंचाहत्तरीपुढचे फारच कमी. वजन देऊन, म्हणजे कमी मिळालेल्या गटाची उत्तरं जास्त पटीने मोजून, ही चूक झाकता येत नाही. जो म्हातारा ऑनलाइन भेटतच नाही, त्याचं मत ऑनलाइन भेटणाऱ्या म्हाताऱ्यावरून कसं काढणार?

वांद्रे_वेम्बली
अवांतर, पण इथल्या अनेकांच्या उपयोगाचं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या *भारतीय नागरिकाला* संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. नागरिकत्व घ्यावं लागत नाही, विद्यार्थी व्हिसाही चालतो. नोंदणी ऑनलाइन: नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक. मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मध्यरात्री संपते. टपाली मताचा अर्ज ११ कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.

आणि वर्गाचं म्हणाल तर मुंबईच्या तीन पारशांनी हा धागा कधीच लिहून ठेवलाय. दादाभाई नौरोजी १८९२ला लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी म्हणून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. त्यावरून त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी' म्हणत. मंचरजी भावनगरी १८९५ला बेथनल ग्रीनमधून, म्हणजे अस्सल कामगार वस्तीतून, चक्क *हुजूर* पक्षातर्फे, आणि १९०६ पर्यंत टिकले. शापुरजी सकलातवाला, टाटांचे नातलग, १९२२ला बॅटरसीतून मजूर आणि १९२४ला कम्युनिस्ट!

खवट
भावनगरी हे माझ्या पहिल्या प्रतिसादाचं उदाहरण आहे. आभार.

कोपऱ्यातला
मग आजचे भारतीय वंशाचे मतदार या चौकटीत बसतात का?

वांद्रे_वेम्बली
पूर्ण बसत नाहीत. २०२४ला देशभर धूळधाण होत असताना हुजुरांनी नव्याने जिंकलेली एकच जागा होती, लेस्टर ईस्ट. आणि निम्म्याहून जास्त मतं मिळालेली त्यांची एकच जागा, हॅरो ईस्ट. दोन्हीकडे गुजराती हिंदू वस्ती मोठी. पण मतदारसंघाच्या निकालावरून थेट 'हिंदूंनी असं केलं' म्हणू नका. लेस्टर ईस्टमध्ये मजूर पक्षाचेच दोन माजी खासदार वेगळे उभे राहून मतं फुटली होती.

मुक्ता_लीड्स
नोंदणीचा विषय निघालाच आहे, तर मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. २०१४ पासून प्रत्येकाने स्वतः नोंदायचं. त्याआधी घरातल्या एकाने सगळ्यांचा फॉर्म भरायचा, विद्यापीठं वसतिगृहं एकगठ्ठा नोंदवायची. आता दर वर्षी खोली बदलणाऱ्या भाडेकरूने दर वेळी नव्याने नोंदायचं. तीस वर्षं एकाच घरात असलेल्या पेन्शनरला काहीच करायचं नसतं. विद्यार्थ्याला दोन्ही पत्त्यांवर नाव ठेवता येतं, पण संसदेसाठी मत एकाच ठिकाणी.

त्यात २०२३ पासून इंग्लंडमध्ये फोटो ओळखपत्र. लंडनच्या बस-मेट्रोचा साठीपुढच्यांचा ऑयस्टर पास चालतो, विद्यार्थ्यांचा ऑयस्टर चालत नाही. ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचं रेल्वे सवलतीचं कार्ड नाही.

पोपटपंची
तोच डबा, तोच फोटो, फक्त सुरकुत्या कमी पडल्या.

डर्बीकर
धागा भलताच भरला. पुन्हा मूळ प्रश्नावर येतो: वर्ग संपला की नाही? एका वाक्यात नको, पण सांगा.

गिरणगाव
संपला नाही, दोन ठिकाणी सरकला. एक, घर आणि पेन्शन कुणाकडे आहे यात. दोन, मत देतो की नाही यात. साठच्या दशकात कामगार आणि पांढरपेशे साधारण सारखेच मतदानाला जायचे. १९९२ला एकूण मतदान ७७ टक्क्यांच्या पुढे होतं, २००१ला ५९. मजूर पक्ष मध्यमवर्गाकडे सरकला तेव्हा बरेच कामगार दुसऱ्या पक्षाकडे न जाता आधी घरी बसले. २०२४लाही मतदान साठ टक्क्यांच्या आतच. पडलेल्या मतांची टक्केवारी मांडली की न आलेला माणूस हिशेबातूनच जातो. त्या गल्लीतला गोदामातला पोरगा बहुधा कुठल्याच स्तंभात नाही.

आकडेमोड
सहमत. २०२४ची भर एवढीच: जे आले त्यांच्यात जुन्या दोन पक्षांची दरी आणखी पुसट झाली, आणि शिक्षणाची रेघ रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाच्या मतांत ठळक झाली. कमी शिकलेल्यांत २३ टक्के, पदवीधरांत ८. तरुणांत मजूर ४१ आणि ग्रीन पक्ष १८. म्हणून 'मजूर की हुजूर' एवढंच विचारलं तर वर्ग दिसणार नाही. पाच पक्ष मांडले की दिसतो.

कोपऱ्यातला
शेवटची शंका. जुलै २०२५मध्ये सरकारने मतदानाचं वय १६ करणार असं जाहीर केलं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तिथल्या निवडणुकांना ते आधीच आहे. सोळा वर्षांच्या पोराला ए-बी-सीतला कुठला खण देणार? त्याला ना काम, ना घर.

आकडेमोड
घरात मिळवतं माणूस जे, त्याचा. बाप व्हॅनवाला प्लंबर असेल तर पोरगा सी२. दोन वर्षांनी तो शेफील्डला शिकायला गेला की त्याच आठवड्यात सी१.